जिथं दुखतं तिथं

"काका, श्वास घ्या!" डॉक्टरबाईंनी खाटेवरच्या माणसाला खांद्याला धरून गदागदा हलवलं. "ऐकू येतंय ना? मोठा श्वास. घ्या, घ्या... हं, असा. आता आणखी एक."

कडककाकांनी डोळे किलकिले केले, सांगितलं तसा एक श्वास घेतला आणि पुन्हा डोळे मिटले. बोटाला लावलेल्या चिमट्याच्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा खाली खाली घसरत होता, तो थबकला आणि मग नाखुशीनेच वर चढू लागला. शेजारी इन्चार्ज सिस्टर उताऱ्याचं इंजेक्शन भरून हातात धरून उभ्या होत्या.

"देऊ?" त्यांनी विचारलं.

"थांबा. हाकेला ओ देतायत अजून."

उतारा म्हणजे मोठं अवघड प्रकरण. तो दिला की गुंगीतला माणूस खाडकन जागा होतो हे खरं, पण औषधाचा सगळा गुणही त्याच क्षणी उतरतो आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं दुखणं एकदम अंगावर कोसळतं. डॉक्टरबाईंनी ते एकदा पाहिलं होतं आणि पुन्हा पाहायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली, काकांचा हात हातात घेतला आणि दर थोड्या वेळानं "काका, श्वास" म्हणत बसून राहिल्या. हळूहळू गुंगी आपोआप ओसरली. या आठवड्यातली ही तिसरी वेळ, आणि तिन्ही वेळा भेटीची वेळ संपता संपता.

कडककाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सगळा जन्म इस्त्रीच्या दुकानात गेलेला हा माणूस. वॉर्डातला ढगळ पायजमासुद्धा त्यांना चुरगळलेला चालत नसे. सकाळी उठले की अंगावरच त्याची घडी नखानं ओढून सरळ करत बसायचे. ते पाहून सिस्टरांनी हे नाव ठेवलं आणि काकांनी ते खुशीनं घेतलं. मूत्रपिंडं कधीचीच थकलेली, त्यामुळे डायलिसिस चालू. त्यात हाडं ठिसूळ होऊन पाठीचे मणके खचलेले. कूस बदलायची म्हटलं तरी तोंडातून शब्द फुटू नये इतकं दुखायचं. साध्या गोळ्या मूत्रपिंडांना चालेनात, मॉर्फिन दिलं तर ते शरीराबाहेरच पडेना. शेवटी डॉक्टरबाईंनी पाठीला चिकटवायची औषधाची पट्टी सुरू केली. औषध मॉर्फिनच्याच घरातलं, पण कातडीतून थोडं थोडं झिरपत आत जाणारं. तीन दिवसांनी जुनी काढायची, नवी लावायची. पहिले काही दिवस काका उठून बसले, हसले, सिस्टरच्या टोपीची इस्त्री बिघडली आहे असंही म्हणाले. आणि मग हे सुरू झालं.

या डॉक्टरबाईंचं काम जरा जगावेगळं. आजार बरा करायला बाकीचे डॉक्टर होते. यांनी बघायचं ते फक्त दुखणं. कुठं दुखतं, कसं दुखतं, टोचतं की जळतं, सकाळी जास्त की दुपारी, बसून की झोपून. प्रश्न विचारायला लागल्या की थांबायचं नाव नाही. म्हातारे पेशंट खूश व्हायचे, सिस्टरांची मात्र कामं खोळंबायची. त्यांनी बाईंचं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. कोणी ठेवलं, कधी ठेवलं आणि का, हेही त्यांनी चौकशी करून काढलं होतं.

आता खिडकीवर एकच प्रश्न अडून बसला होता. पहिल्या गुंगीनंतर त्यांनी पट्टीची ताकद कमी केली. त्यानं झालं काय, तर सकाळी काका दुखण्यानं कासावीस, आणि संध्याकाळी पुन्हा गुंगीत. तीच पट्टी, तोच माणूस, तीच खाट. सकाळी औषध पुरत नाही आणि संध्याकाळी उतू जातं, हे कसं?

"यात कसलं कोडं आलंय?" वॉर्डाचे मोठे डॉक्टर व्हरांड्यात म्हणाले. त्यांना कोडी आवडत नसत. "बायको येते, बायको जाते, की हा गुंगीत. सरळ आहे. घरी जुन्या मॉर्फिनच्या गोळ्या उरल्या असणार. दुखतंय म्हणून चारत असेल बिचारी. मी तिला दोष देत नाही. पण एक दिवस हा माणूस श्वास घ्यायचा विसरेल, आणि मग?"

"सिस्टरांनी विचारलं त्यांना. त्या नाही म्हणाल्या."

"सगळे नाहीच म्हणतात."

"पण सर, गोळी दिली तर गुंगी चढायला वेळ लागेल, आणि उतरायला त्याहून जास्त. यांची भराभर चढते आणि त्या गेल्या की हळूहळू उतरते. असं का?"

मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त त्यांच्यामागे तीस खाटा होत्या. "हे बघा, का ते तुम्ही शोधा. मला वॉर्ड चालवायचा आहे. उद्या परत असं झालं तर पट्टी काढायची आणि बायकोची भेट बंद. दोन्ही. मान्य?"

मान्य नसलं तरी सांगणार कोणाला. पट्टी काढली तर या माणसाला द्यायला दुसरं काहीच उरत नव्हतं. आणि बायकोची भेट बंद केली तर... बाईंनी पुढचा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच त्या काकांच्या खाटेशी हजर.

"काका, दहापैकी किती?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही.

"सात." काकांच्या कपाळावर घाम होता. "पहाटेपासून सातच्या खाली यायचं नाव नाही."

"आणि काल संध्याकाळी?"

"काल संध्याकाळी मी होतो कुठं?"

बाई हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "काकू काही खायला देतात? औषध, गोळी? मी रागावणार नाही."

"ती?" काकांनी पायजम्याची घडी नखानं सरळ केली. "सिस्टर नाही म्हणाल्या तर ती पाणीसुद्धा देत नाही मला. घोटभर मागितलं तरी आधी विचारून येते. तुम्ही तिच्यावर संशय घेऊ नका हो."

"संशय नाही. मला फक्त कळायला हवं. त्या आल्यावर नक्की काय होतं?"

"काय व्हायचंय? येते. बसते. मला बरं वाटतं. मी झोपतो." घडी सरळ झाली होती तरी नख फिरतच राहिलं. "तिलाही बरं वाटतं, मी झोपलो की." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "डॉक्टरबाई, तुमच्याकडे जागं राहायचं काही औषध असतं का?"

झालं! खिडकी उघडलीच. "जागं राहायचं? इथं सगळे झोपेचं मागतात. तुम्हाला जागं कशाला राहायचंय?"

"असंच."

"असंच कोणी मागत नाही काका."

"दिवसभराचं नको. भेटीच्या वेळेपुरतं. नंतर झोप लागली तरी चालेल." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. ते झोपेनं नव्हे, हे बाईंना कळलं.

सिस्टरांनी काकांना अलगद कुशीवर वळवलं. त्या हालचालीनं काकांनी दात आवळले. पट्टी होती तिथंच होती, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जरा खाली. पण तिच्याभोवतीची कातडी तांबूस दिसत होती, पट्टीपेक्षा चांगलीच मोठी जागा, चारी बाजूंनी सरळ. आणि त्या तांबूसपणातून आडवी गेलेली एक पुसट रेघ. बाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"पट्टी इथं का लावली?"

सिस्टर जरा चिडल्याच. "म्हणजे? त्यांनीच सांगितलं. म्हणाले, जिथं दुखतं तिथं लावा. मी म्हटलं, तेवढंच समाधान. कुठंही लावली तरी काम तेच करते, तुम्हीच तर शिकवलंत."

"बरोबर आहे. औषध रक्तात जातं, कुठूनही जाईना का. आणि ही रेघ?"

"गादीची असेल."

"गादीला कुठे घडी असते?"

सिस्टरांनी वर पाहिलं. आता काही खिडकी बंद व्हायची नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

दिवसभर ती रेघ बाईंच्या डोक्यातून जाईना. राउंड घेताना, फोनवर बोलताना, जेवताना, मध्येच बोट हवेत आडवं फिरायचं. जेवताना शेजारच्या टेबलावरचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, "काय हो, हल्ली लाँड्रीत कोणी नवा माणूस आलाय का? एप्रन बघा. कॉलर कशी उभी राहते. आधी आपण पोत्यात बांधून ठेवल्यासारखे दिसायचो." सगळ्यांनी आपापल्या कॉलरी चाचपल्या. बाईंनीही चाचपली. खरंच, कडक होती. त्यांनी घास तोंडात घातला आणि चावायच्या विसरल्या.

भेटीच्या वेळेच्या बऱ्याच आधी त्या जिना उतरून तळघरात गेल्या. तिथं खाली दवाखान्याची लाँड्री. दारातच गरम वाफ तोंडावर आली, आणि तापलेल्या सुती कापडाचा तो कोरडा, स्वच्छ वास. मोठी यंत्रं घरघरत होती, चादरींचे ढीग पडले होते, आणि कोपऱ्यातल्या लाकडी टेबलापाशी कडककाकांची बायको उभी राहून एप्रनला इस्त्री करत होती.

बाई दारातच थांबल्या. बघत राहावं असंच ते काम होतं. बारकी, वाकलेली बाई, पण इस्त्री हातात आली की खांदा ताठ. डाव्या हातानं कापड ओढून ताणायचं, उजव्यानं इस्त्री सोडायची, पुढं न्यायची, उचलायची. एकदा गेलेल्या जागेवर पुन्हा जाणं नाही. कॉलर, मग बाह्या, मग पाठ. एप्रन झाला की बटण लावून बाजूला.

लाँड्रीवाला बाईंना बघून गडबडला. "मॅडम, त्या स्वतःहून करतात हो. मी नको म्हणतो. पण मावशींना बसवत नाही रिकामं. भेटीची वेळ होईपर्यंत एवढे दहा-बारा एप्रन करून टाकतात, आणि बदल्यात..." त्यानं जीभ चावली.

"बदल्यात काय?"

तो यंत्राकडे वळला. बोलायची गरजही उरली नाही. काकूंनी शेवटचा एप्रन बाजूला ठेवला, एक धुतलेली चादर घेतली, तिची घडी केली, घडीवर घडी, जाड चौकोनी गठ्ठा होईपर्यंत. त्यावर इस्त्री ठेवली आणि हलवली नाही. उलटवून पुन्हा ठेवली. मग इस्त्री उचलून गठ्ठा गालाला लावून पाहिला, मान हलवली, आणखी थोडा तापवला, पुन्हा गालाला लावला. मनासारखं झालं तेव्हा तो शालीत गुंडाळून छातीशी धरला आणि लगबगीनं मागच्या जिन्यानं वर निघाल्या. जिना चांगला उंच होता. मधल्या वळणावर त्या दम घ्यायला थांबल्या, पण गठ्ठा छातीपासून सुटला नाही. बाई त्यांच्या मागून, चार पायऱ्या ठेवून, चालत होत्या. उत्तर समोरून चाललं होतं, शालीत गुंडाळून.

वॉर्डात काकूंनी पडदा ओढून घेतला.

"आलीस?" आतून काकांचा आवाज आला. चांगला जागा, टवटवीत. "अगं ऐक ना, मला आज सकाळपासून आठवतंय, आपल्या दुकानासमोर तो..."

"बोलू नका, श्रम होतात. आधी शेक घ्या, गार होईल. वळा बघू. असं. लागलं का? हं. आता पडा."

"अगं पण ऐक तरी... हं." एक लांब उसासा. "हां... तिथंच."

"झोपा आता. मी आहे."

बाईंनी पडदा बाजूला केला, तोवर काकांचे डोळे जडावले होते. काकूंनी दचकून हात मागं घेतले. बाईंनी काकांच्या पाठीखाली हात घातला. गठ्ठा चांगला गरम होता, चटका बसणार नाही इतपत, पण आतपर्यंत ऊब जाईल असा, आणि बरोब्बर त्या पट्टीवर. त्यांनी तो हळूच ओढून काढला.

"भाजलं का त्यांना?" काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "मी गालाला लावून बघते हो. रोज बघते. इथं गरम पाण्याची पिशवी चालत नाही म्हणाल्या सिस्टर, म्हणून मी पिशवी नाही आणली. कापड आहे नुसतं."

"भाजलं नाही काकू. बसा तुम्ही. सिस्टर, जरा चिमटा लावा यांच्या बोटाला."

काकू बसल्या नाहीत. "दुकानात आम्ही असंच करायचो," त्या भडाभडा सांगू लागल्या, जणू पोलीस चौकशीला आलेत. "दिवसभर उभं राहून पाठ जायची. मग दुकान बंद करताना इस्त्रीत शेवटची धग असायची ना, त्यावर टॉवेल तापवायचा आणि एकमेकांच्या पाठीला लावायचा. आधी हे मला, मग मी यांना. इतकी वर्षं. त्यांना त्यानंच बरं वाटतं. दुसऱ्या कशानं नाही."

आता हे सांगायचं कसं? बाईंनी आयुष्यात शेकडो प्रश्न विचारले होते, उत्तरं द्यायची पाळी आली की त्यांची जीभ जड व्हायची. त्या खाटेच्या कडेला टेकल्या.

"काकू, ही पट्टी आहे ना, तिच्यातलं औषध हळूहळू झिरपतं. पण तिला ऊब लागली की ते भराभर आत जातं. तीन दिवस पुरायचं, त्यातलं बरंचसं एका संध्याकाळीच जातं. म्हणून त्यांना इतकी गुंगी येते. श्वास मंद होतो. काल खूप मंद झाला होता."

काकूंनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. चिमट्याच्या यंत्राची टिकटिक तेवढी चालू होती.

"म्हणजे माझ्या हातानं..."

"तुमच्या हातानं काही वाईट झालं नाही. पट्टी त्या जागेवर नको होती. ती आम्ही लावली. काकांनी सांगितलं जिथं दुखतं तिथं, आम्ही तिथं लावली. तुम्हीही शेक दिलात तो जिथं दुखतं तिथंच. सगळे एकाच जागेवर धावलो."

काकूंनी शाल खांद्यावर घेतली. तो गरम गठ्ठा खुर्चीवर तसाच पडून होता. त्यांनी तो उचलला नाही. "मला वाटायचं माझ्या हाताला गुण आहे," त्या म्हणाल्या, आणि भेटीची वेळ संपायच्या आधीच निघून गेल्या. गुंगीतून अर्धवट डोळे उघडून काकांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. डॉक्टरबाईंना रडू आलं. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच स्वतःच्या एप्रनची कॉलर चाचपली. "ही पण...?"

"ही पण."

"हं." ते जरा ओशाळले. "बरं. भेट चालू राहू दे. शेक बंद."

"शेक बंद नाही करायचा सर. पट्टीची जागा बदलायची. दंडाला लावू, उजव्या. डायलिसिसचा हात डावा आहे. पाठीला ऊब खरंच बरी वाटते, ती का तोडायची? आणि पट्टीची ताकद पूर्वीइतकी करू. मी कमी केली होती, ती उगीच. सकाळी हाल झाले त्यांचे. आणि घरी जाताना काकूंना सगळं नीट सांगून, दाखवून."

"करा. पण दोन दिवस तुम्ही स्वतः बसायचं तिथं."

"बसणारच आहे," बाई म्हणाल्या. ते सांगायची गरज नव्हती.

नवी पट्टी दंडावर गेली. जुन्या जागेचं कातडीतलं औषध उतरून नव्या जागेचं चढायला वेळ लागला, तो अख्खा दिवस बाई काकांच्या मागं "किती? आता किती?" करत राहिल्या. पुढच्या दिवशी काका दुपारी पाचावर आले आणि तिथं टिकले. मग चारावर. श्वास नीट, डोळे स्वच्छ.

भेटीच्या वेळी काकू आल्या त्या रिकाम्या हातानं. आदल्या दिवशीही त्या अशाच आल्या होत्या आणि पाहुण्यासारख्या खुर्चीच्या टोकावर बसून गेल्या होत्या. पडद्याबाहेर बाईंनी त्यांना गाठलं.

"चादर कुठाय?"

"नको आता," काकू म्हणाल्या. "मी नुसती बसते."

"पाठीला चालतं काकू. फक्त दंडाला लावायचं नाही. हे बघा, इथं आहे पट्टी, इथवर ऊब येता कामा नये. घरी गेल्यावरही हेच. समजलं ना?"

काकूंनी समजलं असं मान हलवून सांगितलं, पण पाय हलेनात. "परत काही झालं तर?"

"मी इथंच आहे. जा, आणा. आणि हो, माझा एप्रन खाली द्यायचाच आहे."

हे ऐकून काकूंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू फुटलं. त्या गेल्या, आणि जरा वेळानं दम लागलेल्या, शालीत गठ्ठा धरून परत आल्या. या वेळी गालाला लावून पाहिल्यावर त्यांनी तो बाईंच्या गालालाही लावला. बाईंनी मान हलवली. मग काकूंनी पडदा ओढून घेतला, आणि बाई बाहेर भिंतीला टेकून यंत्राचा आकडा बघत उभ्या राहिल्या. ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण कापडी पडदा तो किती अडवणार.

"लागलं का? बरोबर बसलाय?"

"हां. तिथंच."

"झोपा आता."

थोडा वेळ काहीच नाही. मग काकूंचा आवाज, घाबरलेला.

"डोळे उघडेच आहेत तुमचे. झोप येत नाही? गार झाला का? बरं नाही वाटत?"

"बरं वाटतंय गं. झोप नकोच होती मला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! रोज सकाळपासून ठरवायचो, आज हिच्याशी हे बोलू, ते बोलू. आणि तू तो शेक लावलास की मी गार. जाग येईपर्यंत तू गेलेली. खुर्ची रिकामी."

"अहो, मग सांगायचं ना!"

"कसं सांगणार? एवढे जिने चढून, जीव टाकून आणायचीस. नको म्हटलं असतं तर तुझं तोंड केवढंसं झालं असतं, माहीत आहे मला."

काकू एकदम भडकल्या. "आणि मी? मला काय बोलायचं नव्हतं? सांगायच्या गोष्टी साठून साठून पोट फुगलंय माझं. म्हटलं, यांना दुखतंय, बोललं की श्रम होतात, झोपू देत. तुमचं घोरणं ऐकत बसायला का मी दोन बस बदलून यायचे?"

"घोरत नाही मी."

"घोरता! अख्ख्या वॉर्डाला विचारा."

शेजारच्या खाटेवरून कोणीतरी "घोरतात" म्हणालं. पडद्याआड दोघंही हसली; काकांना हसताना कळ आली असावी, कारण हसू मध्येच तुटलं.

"दुखलं ना? बघा. पडा बरं गपचूप."

"दुखू दे थोडं. तू सांग. काय साठलंय पोटात?"

आणि काकू सांगायला लागल्या. समोरच्या दुकानदाराच्या मुलीनं लग्नाला नकार कसा दिला आणि मुलाकडचे मिठाईचा पुडा परत मागायला कसे आले. दुकानाच्या शटरखाली मांजरीनं पिल्लं घातली, म्हणून शटर अर्धंच उघडावं लागतं आणि गिऱ्हाइकं वाकून आत येतात. मध्येच काका म्हणायचे, "कोणती मांजर? ती भुरी?" आणि काकू म्हणायच्या, "भुरी कुठली, ती तर बोका निघाली."

भेटीची वेळ संपली म्हणून सिस्टर घंटा वाजवायला निघाल्या होत्या. डॉक्टरबाईंना भिंतीशी पाहून त्या जवळ आल्या आणि भुवया उंचावून यंत्राकडे पाहिलं. आकडा जागच्या जागी होता.

"दुखण्याचा आकडा विचारायचा राहिला," बाई पुटपुटल्या. नियम म्हणजे नियम. त्यांनी पडदा बोटभर बाजूला केला. काका कुशीवर होते, पाठीशी चादरीचा गठ्ठा, तोंड काकूंकडे. त्यांचा एक हात काकूंच्या मनगटाशी होता आणि नख शालीची घडी सरळ करत होतं.

"काका, दहापैकी किती?"

काकांनी मान वळवलीसुद्धा नाही.

"नंतर या हो, डॉक्टरबाई," ते म्हणाले. "ती बोलतेय."